रात्री-अपरात्री गोठ्यात जाणाऱ्या डॉक्टरांसाठी

 बारामतीपासून इंदापूरपर्यंतच्या साऱ्या मुलखात उसाच्या कडेला गोठा दिसतोच. उसाचे बिल कारखान्याच्या तारखेने येते. घर चालते ते दर दहा दिवसांनी हातात पडणाऱ्या दुधाच्या पगारावर. किराणा त्यातून, मुलांची फी त्यातून, सोसायटीचा हप्ताही त्यातूनच. चांगली संकरित गाय घ्यायची तर लाखाच्या घरात पैसे मोजावे लागतात. अशी गाय खाली बसली की अख्खे घर गोठ्यात येऊन उभे राहते आणि सगळ्यांचे डोळे एकाच माणसाकडे लागतात.

नुकत्याच व्यायलेल्या दुभत्या गायीला दुग्धज्वर होतो तेव्हा ती मान कुशीत घालून बसते, कान गार पडतात, उठवले तरी उठत नाही. उपाय ठरलेला आहे: शिरेतून कॅल्शियम. बाटली उंच धरायला कुणाला तरी सांगून डॉक्टर उकिडवे बसतात, एक हात नळीवर आणि दुसऱ्या हाताने छातीला लावलेला स्टेथोस्कोप. कॅल्शियम भरभर गेले तर हृदय थांबू शकते, म्हणून सारे लक्ष ठोक्यांवर. बहुतेक गायी या उपचाराने बघता बघता सावरतात. अंगाला थरथर सुटते, ढेकर येते, शेण पडते आणि गाय उठून उभी राहते. पशुवैद्यकाच्या कामात इतका हातोहात आनंद देणारे प्रसंग थोडेच. पण कधी बोलावणे उशिरा आलेले असते, हृदय आधीच खचलेले असते, आणि सगळे नियमाने करूनही सुई शिरेत असतानाच गाय जाते. ‘डॉक्टरनी सुई लावली अन् गाय गेली’ हे वाक्य मग संध्याकाळी दूध घालायच्या वेळेला डेअरीवर पोचते आणि रात्री गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर.

डॉक्टर हात धुतात, पेटी बंद करतात आणि गाडी पुढच्या गावाकडे वळवतात, कारण तिथे कालवड अडलेली असते. गेलेल्या गायीबद्दल बोलायला वेळही नसतो आणि माणूसही नसतो.

असे प्रसंग महिन्यामागून महिने साठत गेले की काय होते, याचा अभ्यास परदेशात बराच झाला आहे. ब्रिटनमधल्या बार्ट्राम आणि बाल्डविन या संशोधकांनी २०१० मध्ये उपलब्ध अभ्यास तपासून दाखवले की तिथल्या पशुवैद्यकांमध्ये आत्महत्येचे प्रमाण सर्वसाधारण लोकांच्या तीन ते चार पट आहे. अमेरिकेत १९७९ ते २०१५ या काळातल्या मृत्यूंच्या नोंदींचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पुरुष पशुवैद्यकांमध्ये हे प्रमाण दुपटीहून थोडे अधिक, तर स्त्री पशुवैद्यकांमध्ये सुमारे साडेतीन पट आढळले. ब्रिटनमध्ये ‘व्हेटलाइफ’ ही खास पशुवैद्यकांसाठीची हेल्पलाइन चालते. अमेरिकेत २०१४ पासून ‘नॉट वन मोअर व्हेट’ नावाचा परस्पर आधाराचा गट उभा राहिला. तिथल्या डॉक्टरांवर ताण येतो तो बऱ्याचदा दयामरणाच्या कामातून. लाडक्या कुत्र्याला शेवटचे इंजेक्शन द्यायचे, कुटुंबाला धीर द्यायचा आणि दहा मिनिटांत दुसऱ्या खोलीत हसतमुखाने पिल्लू तपासायचे, असा त्यांचा दिवस असतो.

आपल्याकडचा ताण वेगळ्या जागी आहे. खुब्याचे हाड मोडलेली गाय महिनाभर बसून असते, अंगाला जखमा पडतात. पशुपालकाला ती सांभाळणे परवडत नाही आणि तिचा शेवट करा हे शब्द त्याच्या तोंडून निघत नाहीत. प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यात, १९६० पासून, वाचण्याची आशा नसलेल्या जनावराला वेदनेतून सोडवण्याची तरतूद आहे. तरी गावात ती वाट सहसा कोणी धरत नाही, आणि डॉक्टर रोज जाऊन वेदनाशामक देत राहतात. कुठे उपाय माहीत असतो पण औषधाचा खर्च घराच्या आवाक्यात नसतो. कुठे चार दिवस भलतेच उपचार करून झाल्यावर बोलावणे येते. यात भर दाखल्यांची. इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या माळाकडे लांडग्याने मेंढरे मारली की वन विभागाच्या भरपाईसाठी शवविच्छेदनाचा अहवाल पशुवैद्यकानेच द्यायचा. विम्याच्या दाव्याला त्याचीच सही लागते. मेंढपाळाचे नुकसान डोळ्यांसमोर असते, पण अहवालात जे दिसले तेच लिहावे लागते. योग्य काय ते कळते आणि करता येत नाही, ही घुसमट नुसत्या श्रमांपेक्षा जास्त झिजवते.

२०२२ सालच्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात लम्पी त्वचारोगाच्या साथीची पहिली नोंद झाली आणि काही आठवड्यांत रोग राज्यभर पसरला. गुरांचे बाजार बंद झाले. शेळ्यांच्या देवीवरची लस गोवंशाला टोचायची मोहीम निघाली आणि राज्यातल्या सुमारे १ कोटी ४० लाख गोवंशापर्यंत ती पोचवायची होती. सरकारी डॉक्टर, खासगी डॉक्टर, इंटर्नशिप करणारे विद्यार्थी, सगळे गोठ्यागोठ्यांत फिरले. वर्षअखेरपर्यंत राज्यात २५ हजारांहून अधिक जनावरे दगावली. सरकारने गायीला ३० हजार, बैलाला २५ हजार आणि वासराला १६ हजार रुपये भरपाई ठरवली, आणि त्या पंचनाम्यांचे कामही याच लोकांवर आले. रोज गाठींनी भरलेली, पाय सुजलेली वासरे बघायची आणि रात्री आकडे वर पाठवायचे. साथ ओसरल्यावर लसीचे, भरपाईचे, औषधांचे हिशेब झाले. त्या महिन्यांत काम करणाऱ्यांच्या मनाचे काय झाले, हे विचारायची मात्र आपल्याकडे पद्धतच नाही. ती पाडायला हवी.

हा ताण स्वभावाच्या कमकुवतपणातून येत नाही, कामाच्या मांडणीतून येतो. डॉक्टर एकटे, फोन चोवीस तास चालू, उधारी डोक्यावर आणि गाय गेली की बोल त्यांना. म्हणून ‘ध्यान करा, सकारात्मक राहा’ एवढ्या सल्ल्याने भागत नाही. मांडणी बदलायला हवी, आणि तालुक्याच्या पातळीवर ती बदलता येते.

सुरुवात झोपेपासून करा. शेजारशेजारच्या गावांत काम करणाऱ्या तीन-चार डॉक्टरांनी रात्रीच्या पाळ्या वाटून घ्याव्यात. ज्याची पाळी नाही त्याचा फोन पाळीवाल्याकडे वळवलेला असावा. गिऱ्हाईक तुटेल ही भीती खरी आहे, म्हणून सुरुवातीलाच दोन गोष्टी उघड ठरवाव्यात: रात्रीच्या केसचे पैसे जाणाऱ्याचे आणि पुढचा उपचार नेहमीच्या डॉक्टरांचा. रात्री कशासाठी निघायचे हेही पशुपालकांना आधीच कळवलेले बरे. अडलेली गाय, अंग बाहेर आलेली, पोटफुगी, दुग्धज्वर, कोवळी ज्वारी खाऊन झालेली विषबाधा, सर्पदंश यांसाठी मध्यरात्रीही निघावेच लागते. गाय माजावर आली म्हणून रात्री अकराला फोन करायची गरज नसते. संध्याकाळी माज दिसला तर ती दुसऱ्या दिवशी सकाळी भरवायची असते. उलटणारी गाय, जुने लंगडणे, दुधातली थोडी घट यांना सकाळ चालते. एवढा कागद डेअरीच्या भिंतीवर लावला तरी फोन कमी होतात.

गाळपाच्या हंगामात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च, झोपेचा प्रश्न जिवावर बेतू शकतो. अंधारात रस्त्याच्या कडेला उभी उसाची ट्रॉली, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि मागून दुसऱ्या रात्रीची झोप बुडालेला डॉक्टर मोटारसायकलवर. अशा रात्री पशुपालकाच्या घरातल्या कुणीतरी डॉक्टरांना आणायला आणि सोडायला जावे. लागोपाठ दुसरी रात्र जागण्याची वेळ आली तर ‘मी येत नाही, अमुक डॉक्टर येतील’ असे सांगायला कचरू नये.

पैशाची गोष्ट मनाच्या गोष्टीपासून वेगळी काढता येत नाही. दुधाचा दर पडला की पहिली उधारी डॉक्टरांची होते. वहीत नावे वाढत जातात, औषध दुकानदाराचे बिल मात्र थांबत नाही, आणि ज्याच्याकडे येणे आहे त्याच्याच गोठ्यात पुन्हा जावे लागते. दूध डेअरीने पशुखाद्याचे पैसे पगारातून कापावेत तशीच डॉक्टरांची फी, पशुपालकाच्या संमतीने, त्याच पगारातून कापून द्यायची सोय केली तर दोघांचेही अवघडलेपण संपते. फी आधी सांगावी, छापील पावती द्यावी. ओळखीतल्या माणसाकडे पैसे मागायला लाज वाटते हे खरे, पण न मागता आलेल्या पैशांचा राग शेवटी घरच्यांवर निघतो.

आता जनावर हातात गेल्यानंतरचा दिवस. त्याच संध्याकाळी केस कागदावर उतरवावी: काय दिसले, काय दिले, किती वेगाने दिले, काय झाले. ही नोंद तक्रार झाली तर उपयोगी पडतेच. शिवाय रात्री तीच ती गाय डोळ्यांपुढे येऊन ‘मात्रा चुकली का?’ हा प्रश्न छळू लागला की उत्तर लिहिलेले असते. शक्य असेल तर मालकाला शवविच्छेदन सुचवावे. आणि चोवीस तासांच्या आत एका सहकाऱ्याशी बोलावे, फोनवर का होईना. ऐकणाऱ्याने मध्ये ‘मी असतो तर’ म्हणू नये, ‘एवढं काय मनाला लावून घेताय’ असेही म्हणू नये. लंडनमध्ये मायकेल बालिंट या मनोविश्लेषकाने १९५० च्या दशकात जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरांचे गट सुरू केले. ते ठरावीक दिवशी जमून एखादा अवघड रुग्ण आणि त्याने आपल्या मनात काय उठवले यावर बोलत. बालिंट गट या नावाने ते आजही अनेक देशांत चालतात. बारामतीत किंवा इंदापुरात महिन्यातून एका संध्याकाळी सहा-सात पशुवैद्यक असे बसू शकतात. औषध कंपनीचे सादरीकरण नको, भाषण नको, मोबाइलवर रेकॉर्डिंग तर मुळीच नको. एकाने आपली गेलेली केस सांगायची, बाकीच्यांनी ऐकायची. एकेका तालुक्यात एवढे जरी रुजले तरी फार मोठे काम होईल.

मन बिघडते आहे हे ओळखायचे कसे? फोन वाजला की पोटात गोळा येणे, अडलेल्या गायीची केस टाळणे, भरलेली सिरिंज चार-चारदा तपासणे, जनावरावर किंवा मालकावर विनाकारण हात-आवाज चढणे, बोलावणे नसलेल्या रात्रीही झोप न येणे, शीण घालवायला म्हणून घेतलेल्या दारूची रोजची गरज होणे. उदासी किंवा कशातच रस नसणे दोन आठवड्यांहून अधिक टिकले तर तो थकवा समजून अंगावर काढू नये.

इथे पशुवैद्यकांनी एक गोष्ट खास लक्षात ठेवायला हवी, आणि त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांनीही. गाभडलेली गाय हाताळताना, अडकलेला जार काढताना ब्रुसेलोसिसचा जिवाणू माणसाच्या शरीरात जाऊ शकतो. कालवडींना देतात ती एस-१९ ही जिवंत लस टोचताना सुई हाताला लागली तरी तो धोका असतो. या रोगात येऊन-जाऊन ताप, रात्री घाम, कंबर आणि सांधे दुखणे, कमालीचा अशक्तपणा आणि त्यासोबत उदासीही येते. महिनोन्‌महिने ‘टेन्शन’ म्हणून दुर्लक्षिलेले दुखणे रक्ततपासणीत ब्रुसेला निघू शकते, आणि प्रतिजैविकांच्या काही आठवड्यांच्या पूर्ण उपचाराने ते बरे होते. म्हणून फिजिशियनकडे गेल्यावर पहिल्याच वाक्यात सांगा: ‘मी जनावरांचा डॉक्टर आहे.’ जार काढताना खांद्यापर्यंतचे हातमोजे, डोळ्यांना चष्मा, आणि रेबीजची प्रतिबंधक लस आधीच घेतलेली, ही काळजी शरीराची तशीच मनाचीही आहे. लाळ गाळणाऱ्या गायीच्या तोंडात हात घातल्यानंतरचे ते धास्तीचे दिवस ज्यांनी काढले आहेत त्यांना हे पटवून द्यावे लागत नाही.

स्त्री पशुवैद्यकांचा वाटा दरवर्षी वाढतो आहे. त्यांच्या ताणात काही गोष्टींची भर पडते: ‘मॅडमना जमेल का?’ हा गोठ्यातला प्रश्न, दिवसभर फिरतीत स्वच्छतागृह नसणे, रात्रीचे एकटीचे बोलावणे. रात्री सोबत एक परिचर किंवा मालकाच्या घरातली बाई असावी, हा आग्रह डॉक्टरांनी धरावा आणि गावाने तो रास्त मानावा. गरोदरपणात प्रोस्टाग्लँडिनची इंजेक्शने हाताळणे, एस-१९ टोचणे आणि जार काढणे ही कामे दुसऱ्याकडे द्यायलाच हवीत. दम्याच्या रुग्णांनीही प्रोस्टाग्लँडिनपासून लांब राहावे. कामाची अशी वाटणी वरिष्ठांनी आपणहून करावी, मागायची वेळ आणू नये.

मदत कुठे मिळते? १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक आहे. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी, लम्पीची साथ भरात असतानाच, ही सेवा सुरू केली. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतून बोलता येते. बारामतीत पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. मानसोपचाराच्या बाह्यरुग्ण विभागाची चौकशी तिथे करता येते. ओळखीचे कोणी बघेल, उद्या गावात चर्चा होईल, ही भीती अनेकांना दारातून परत पाठवते. म्हणून आधी फोन करावा, मग तिथे सांगतील तिकडे जावे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा. उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क त्याने दिला आहे, विमा कंपन्यांनी मानसिक आजारालाही शारीरिक आजाराप्रमाणे संरक्षण द्यावे असे म्हटले आहे, आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेऐवजी उपचार व पुनर्वसन द्यावे असे कलम ११५ सांगते.

घरच्यांसाठी थोडे. ‘मी नसतो तर सुटले असते सगळे’ अशा अर्थाचे काही कानावर आले तर थेट विचारा: ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे विचारल्याने डोक्यात नसलेला विचार येतो हा गैरसमज आहे. उलट विचारल्याने बोलणाऱ्याला वाट मिळते. उत्तर हो असेल तर त्या रात्री त्यांना एकटे ठेवू नका, १४४१६ किंवा ११२ ला फोन करा आणि औषधांची पेटी तात्पुरती सहकाऱ्याच्या ताब्यात द्या. एरवीही घातक औषधे घरात न ठेवता दवाखान्यात कुलपात ठेवणे आणि त्यांची नोंद दोघांच्या सहीने करणे ही चांगली सवय आहे.

पशुपालकांकडून अपेक्षा फार मोठ्या नाहीत. बोलावणे वेळेवर करावे. आधी कोणी काय औषध दिले ते लपवू नये. डॉक्टर येईपर्यंत जनावर बांधून, उजेड, गरम पाणी आणि साबण तयार ठेवावा. डॉक्टर दूर असतील तर पशुसंवर्धन विभागाचा १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे, त्यावरून फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची मदत मागता येते. आणि गाय गेली तर रागाच्या भरात ग्रुपवर लिहिण्याआधी एक रात्र जाऊ द्यावी. शंका असेल तर डॉक्टरांनाच विचारावे, शवविच्छेदन मागावे. तो हक्क आहेच.

शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय या भागाला जवळचे. इथले कित्येक तरुण डॉक्टर तिथून शिकून येतात. अडलेली गाय मोकळी करायला तिथे शिकवतात. जनावर दगावले हे मालकाला कसे सांगायचे, ओरडणाऱ्या जमावासमोर कसे उभे राहायचे, नाही कसे म्हणायचे, याचा सराव इंटर्नशिपमध्ये अनुभवी डॉक्टरांसोबत करून घेतला तर पहिल्या वर्षीच खचणारी मुले सावरतील. नव्या डॉक्टरच्या पहिल्या सहा महिन्यांत तालुक्यातल्या एका ज्येष्ठाने त्याला आठवड्यातून एक फोन करावा, एवढी जबाबदारी पशुवैद्यकांच्या संघटनेने नेमून द्यावी.

दसरा-दिवाळीच्या सुमाराला, कारखान्यांची धुराडी पेटण्याआधी, डॉक्टर, डेअऱ्यांचे सचिव आणि सरकारी दवाखान्याचे अधिकारी यांची एक बैठक घेणे सोपे आहे. रात्रीच्या पाळ्यांचा तक्ता, फी कापण्याची रीत, गरोदर सहकाऱ्यांची कामे कोण करणार, महिन्याच्या केस-बैठकीची तारीख आणि डेअरीच्या भिंतीवर १४४१६ व १९६२ हे दोन क्रमांक मोठ्या अक्षरात कोण रंगवून घेणार, एवढे त्या दिवशी ठरवून घ्यावे.